थंडीत गाडी तासभर चालू ठेवून गरम करताय? इंजिनाचं काय होतं ते आधी वाचा

डिसेंबर लागला की निफाड, दिंडोरी, सिन्नर भागात पहाटेचा पारा झपाट्याने खाली येतो. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला आकडा बऱ्याचदा 5 अंशांच्या आसपास जातो. अशा सकाळी गावोगावी एकच दृश्य दिसतं. अंगणात गाडी चालू करून ठेवलेली, मागून पांढरी वाफ निघतेय आणि मालक घरात चहा पितोय. "इंजिन गरम होऊ दे, मग निघू," असं म्हणत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात.

यात गाडीची काळजी घेतल्याचं समाधान मिळतं. पण आजकालच्या गाड्यांना या सवयीचा फायदा कमी आणि तोटा जास्त आहे. बंद शेडमध्ये तर ही सवय जिवावर बेतू शकते.

ही सवय आली कुठून?

जुन्या पेट्रोल गाड्यांना कार्ब्युरेटर असायचा. थंडीत चोक ओढायचा, गाडी चालू करायची आणि थोडा वेळ थांबायचं. नाहीतर गाडी झटके द्यायची, बंद पडायची. त्या काळात हा सल्ला बरोबरच होता. साधारण 2000 सालानंतर कारमध्ये इंजेक्शनची पद्धत रुळली. आता किती पेट्रोल सोडायचं हे सेन्सर आणि कॉम्प्युटर ठरवतात. बाहेर थंडी आहे हे गाडीला आपोआप कळतं. गाडी बदलली, सवय मात्र तीच राहिली.

उभ्या गाडीत इंजिन गरम का होत नाही?

उभ्या गाडीचं इंजिन साधारण 700 ते 900 आरपीएमवर फिरतं. त्यावर ओझं नसतं, त्यामुळे उष्णताही कमी तयार होते. तीच गाडी हळू वेगाने रस्त्याला लागली की इंजिन खूप लवकर गरम होतं. शिवाय उभ्या गाडीत फक्त इंजिन तापतं. गिअरबॉक्समधलं ऑइल, चाकांचे बेअरिंग, शॉकअप, टायर हे सगळं थंडच राहतं. गाडी चालली तरच ते गरम होतं.

इंजिनावर होणारे परिणाम

1. ऑइल पातळ होतं. थंड इंजिनाला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल देतो. थंड सिलिंडरमध्ये ते सगळं जळत नाही. उरलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं आणि खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. पेट्रोल मिसळलेलं ऑइल पातळ पडतं, त्याची पकड जाते आणि पिस्टन रिंग, बेअरिंग झिजायला लागतात. ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं किंवा त्याला पेट्रोलचा वास आला, तर हेच घडतंय.

2. कार्बन साचतो. अर्धवट जळालेल्या इंधनाची काजळी प्लग, व्हॉल्व्ह आणि पिस्टनवर बसते. पुढे मिसिंग, पिकअप कमी होणं, ॲव्हरेज घसरणं या तक्रारी सुरू होतात.

3. सायलेन्सर आतून गंजतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. सकाळी मागून निघणारी पांढरी वाफ तीच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण सायलेन्सर पुरेसा तापला नाही तर ते पाणी आतच साचतं आणि पत्रा कुजतो. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा किंवा निळसर धूर येत राहिला, तर मात्र मेकॅनिकला दाखवा.

4. बॅटरी अर्धपोटी राहते. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि स्टार्टरला जोर जास्त लागतो. कमी आरपीएमवर अल्टरनेटरचं चार्जिंगही कमी असतं. वर हेडलाइट, ब्लोअर, टेप चालू असेल तर बॅटरीत फारसं काही जमा होत नाही. "बॅटरी चार्ज व्हावी म्हणून रोज दहा मिनिटं चालू ठेवतो," हा हिशेब म्हणूनच चुकतो.

5. धूर जास्त विषारी निघतो. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण 250 ते 300 अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही. तोपर्यंतचा धूर अंगणातल्या लेकरा-म्हाताऱ्यांच्या नाकात जातो.

डिझेल गाडीवाल्यांनी जास्त लक्ष द्यावं

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल कार आणि अनेक पिकअपमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो. ही काजळी जाळायला सायलेन्सरमध्ये भरपूर उष्णता लागते, आणि ती गाडी चांगल्या वेगाने चालल्यावरच मिळते. रोज अर्धा तास उभी चालू ठेवायची आणि मग दोन किलोमीटरवर जाऊन बंद करायची, असं केलं तर फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडीची ताकद कमी होते. फिल्टर बदलायची वेळ आली तर खर्च मोठा आहे. दिवा लागला की दुर्लक्ष न करता गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालवा. तरीही दिवा गेला नाही तर सर्व्हिस सेंटर गाठा.

ट्रॅक्टरचंही तसंच. तासन्‌तास स्लोवर चालू ठेवलेल्या थंड इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही. सायलेन्सरच्या सांध्यातून काळं तेलकट ओघळायला लागतं, ते याचंच लक्षण.

खिशाला किती पडतं?

लहान कार उभी राहून तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल खाते. रोज 20 मिनिटं धरली तर पाव लिटर. डिसेंबर ते फेब्रुवारी या 90 दिवसांत साडेबावीस लिटर होतात. लिटरला 100 रुपये धरले तरी सव्वादोन हजार रुपये खर्च, आणि गाडी जागची हललेली नाही!

सगळ्यात मोठा धोका: बंद जागेत चालू गाडी

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात ऑक्सिजनची जागा तो घेतो आणि माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. थंड इंजिनातून हा वायू आणखी जास्त निघतो.

- शेड किंवा गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवू नका. शटर अर्धं उघडं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. चालू केली की लगेच बाहेर काढा.
- कांद्याच्या हंगामात लासलगाव, पिंपळगावच्या मार्केटला रात्रीच रांगेत नंबर लावावा लागतो. थंडी वाजते म्हणून काचा बंद करून, हीटर लावून चालू गाडीत झोपू नका. सायलेन्सर गळका असेल किंवा मागच्या गाडीचा धूर येत असेल, तर वायू केबिनमध्ये शिरतो. त्यापेक्षा गाडी बंद करा आणि घोंगडी, ब्लँकेट सोबत ठेवा.
- डोकं जड होणं, चक्कर, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं ही लक्षणं आहेत. असं झालं की गाडी बंद करून माणसाला मोकळ्या हवेत न्या आणि 108 ला फोन करा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 126 नुसार, सार्वजनिक ठिकाणी गाडी उभी करायची तर चालकाच्या सीटवर लायसन असलेला माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा. रस्त्यावर गाडी चालू ठेवून टपरीवर चहा घ्यायला जाणं यात बसत नाही. किल्ली लावलेली गाडी चोरालाही सोपी, आणि आत लहान मूल असेल तर धोका वेगळाच.

मग थंडीत नेमकं करायचं काय?

- पेट्रोल गाडी: चालू करा, 30 सेकंद ते एक मिनिट थांबा. तेवढ्यात ऑइल सगळीकडे पोचतं. मग निघा.
- डिझेल गाडी: किल्ली फिरवून हीटर प्लगचा दिवा विझू द्या, मग स्टार्टर मारा. एखादं मिनिट थांबून निघा.
- सीएनजी गाडी: बहुतेक गाड्या आधी पेट्रोलवर चालू होतात आणि तापल्यावर गॅसवर जातात. म्हणून टाकीत थोडं पेट्रोल कायम ठेवा.
- पहिले तीन-चार किलोमीटर सावकाश चालवा. थंड इंजिनाला रेस देऊ नका.
- काचेवरचं दव फडक्याने पुसा. आतून धुकं आलं तर एसी आणि गरम हवा दोन्ही काचेकडे सोडा. थंड काचेवर गरम पाणी ओतू नका, काच तडकते.
- पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल टाका. 5डब्ल्यू-30 मधला पहिला आकडा थंडीसाठी असतो. तो जितका कमी, तितकं ऑइल थंडीत लवकर पसरतं.
- गाडी रोज लागत नसेल तर अंगणात चालू ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवून आणा.
- टर्बो गाडीने घाट चढून किंवा ओझं ओढून आलात तर बंद करण्याआधी मिनिटभर चालू राहू द्या. तिथे हे थांबणं योग्य आहे.

लेह-लडाखमध्ये तर गाड्या चालूच ठेवतात ना?

सैन्यातले आपले जवान किंवा ट्रकवर जाणारे चालक असं सांगतात, आणि ते खरंही आहे. पण तिथे पारा शून्याच्या खूप खाली जातो, साधं डिझेल गोठायला लागतं. म्हणूनच 2019 मध्ये इंडियन ऑइलने तिथल्यासाठी उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं. आपल्याकडच्या 5 अंशांच्या थंडीला तो नियम लागू होत नाही.

तेव्हा उद्या सकाळी आधी चहा घ्या आणि मगच गाडी चालू करा.