धावत्या गाडीतला हिशेब

रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या प्रवासात अन्न विकत घेणे हा व्यवहार बाजारातील इतर व्यवहारांहून मुळातच वेगळा आहे, कारण त्यात गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानात जाता येत नाही, विक्रेत्याशी त्याची पुन्हा गाठ पडण्याची शक्यता जवळजवळ नसते आणि सौदा पुरा करण्यासाठी मिळणारा वेळ वेळापत्रक ठरवते. या तीन अडचणींमुळे पैसे केव्हा द्यायचे, कोणाच्या भरवशावर द्यायचे आणि भाव कोणी ठरवायचा हे प्रश्न भारतीय रेल्वेत पहिल्यापासून उभे राहिले. त्यांची उत्तरे काळानुसार बदलत गेली, तरी प्रवाशाच्या बाजूने पाहिले तर त्यांतला एक धागा दीर्घकाळ दुबळाच राहिला, आणि तो म्हणजे दिलेल्या पैशांचा पुरावा.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली तेव्हा प्रवास तासा-सव्वातासाचा होता, त्यामुळे खाण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. बोरघाटातून लोहमार्ग १८६३ मध्ये आणि थळघाटातून १८६५ मध्ये वर चढला, १८७० मध्ये जबलपूर येथे ग्रेट इंडियन पेनिन्सुला आणि ईस्ट इंडियन या दोन कंपन्यांचे रूळ जोडले जाऊन मुंबई-कलकत्ता मार्ग सलग झाला, पुढच्याच वर्षी रायचूरमार्गे मुंबई आणि मद्रास जोडली गेली, आणि मग गाडीत दोन-दोन रात्री काढणाऱ्या माणसाने काय खावे हा प्रश्न कंपन्यांपुढेही आला आणि घराघरांतही.

घरांनी शोधलेले उत्तर शिदोरीचे होते. परक्या हातचे अन्न वर्ज्य मानणाऱ्या कुटुंबांत दशमीला महत्त्व आले ते यामुळेच. दशमी म्हणजे पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेली पोळी किंवा भाकरी. ती टिकतही असे आणि पाण्याचा स्पर्श नसल्यामुळे प्रवासात सोवळ्याओवळ्याच्या नियमांतून सुटतही असे. घट्ट झाकणाचा फिरकीचा तांब्या तिच्या जोडीला असे. विकत घेण्याजोग्या वस्तूंची यादी अशा प्रवाशांपुरती फळे, दूध, पेढे, भाजलेले दाणे आणि फार तर तुपात तळलेल्या पुऱ्या इथेच संपत होती, आणि म्हणून स्थानकावरील आरंभीच्या विक्रीवर तळलेल्या व कोरड्या पदार्थांचा पगडा बसला. तो आजही पूर्ण ओसरलेला नाही.

कंपन्यांनी शोधलेले उत्तर मात्र प्रामुख्याने वरच्या वर्गांतील युरोपीय प्रवाशांसाठी होते. मोठ्या स्थानकांवर उपाहारगृहे, म्हणजे त्या काळच्या भाषेत रिफ्रेशमेंट रूम, उघडून ती ठेकेदारांकडे सोपवण्यात आली. ईस्ट इंडियन रेल्वेवर केलनर, दक्षिणेत स्पेन्सर आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुलावर ब्रँडन ही नावे या धंद्यात प्रसिद्ध होती. डब्यातून डब्यात जाण्याची वाट नसलेल्या त्या गाड्यांमध्ये एक विलक्षण पद्धत रूढ झाली, जी पुढे स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे टिकली. जेवणाची मागणी आधीच्या स्थानकावर नोंदवली जाई, तारेने ती पुढच्या उपाहारगृहाला कळवली जाई, गाडी थांबताच गणवेशातला वाढपी झाकलेले ताट डब्यात आणून देई, आणि रिकामे ताट व बिलाचे पैसे त्यापुढच्या एखाद्या स्थानकावर दुसराच माणूस गोळा करी. अन्न एका गावी शिजे, खाल्ले जाई वाटेत आणि त्याची किंमत चुकती होई तिसऱ्याच गावी. एवढी उधारी अनोळखी माणसाला मिळे ती त्याच्या तिकिटाच्या वर्गामुळे, कारण पहिल्या वर्गाचा प्रवासी ताट घेऊन पसार होणार नाही असे गृहीत धरलेले होते. भोजनयान, म्हणजे टेबल-खुर्च्या मांडलेला जेवणाचा स्वतंत्र डबा, आले तरी हा वर्गभेद मिटला नाही. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या मुंबई-पुणे डेक्कन क्वीनमध्ये आरंभी पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाचे डबे तिला १९५५ मध्ये लागले. टेबलाशी बसून खाण्याची आणि तिथेच पैसे देण्याची सोय या गाडीने आजतागायत जपली असून, २०२२ मध्ये नवे डबे आले तेव्हाही भोजनयान काढले गेले नाही, ही समाधानाची गोष्ट आहे.

तिसऱ्या वर्गाला उधारी नव्हती, दरपत्रकही क्वचितच दिसे. तिथे पाणी, चहा आणि अन्न या तिन्हींची विभागणी धर्मानुसार झालेली होती. हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी, हिंदू चहा आणि मुसलमान चहा अशा आरोळ्या फलाटावर ऐकू येत. कंपनीने नेमलेले पाणके पाणी फुकट देत, बाकी सगळे रोख. महात्मा गांधींनी सप्टेंबर १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या हालअपेष्टांवर लिहिलेल्या पत्रात मुंबई-मद्रास प्रवासाचे तिकीट तेरा रुपये नऊ आण्यांना पडल्याची नोंद आहे, आणि त्याच पत्रात फलाटावरचे खाद्यपदार्थ, ते देणारे हात, ती भांडी आणि ज्यांत ते तोलले जात ते तराजू या सगळ्यांच्या घाणीवर कठोर टीका आहे. त्यातला तराजूचा उल्लेख महत्त्वाचा आहे. खाद्यपदार्थ वजनावर विकले जात याचा अर्थ असा, की दोन-चार मिनिटांच्या थांब्यात प्रवाशाला भाव विचारायचा, काटा पाहायचा आणि आणे-पैशांचा हिशेबही करायचा होता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै अशा त्या चलनात शिट्टी वाजत असताना कोणाची फसवणूक होत असेल हे सांगायला नको. चहा या व्यापारात नंतर शिरला. १९०३ च्या कायद्याने चहावर बसवलेल्या उपकराच्या पैशातून देशांतर्गत प्रचार सुरू झाला आणि त्यासाठी स्थानके सोयीची जागा ठरली, कारण मोजून ओतता येणारा, ठरावीक किमतीचा आणि उभ्या उभ्या संपणारा हा माल थांब्याच्या वेळेत नेमका बसत होता.

कोणत्या गावी काय विकले जावे हे पुष्कळदा इंजिनांनी ठरवले. कर्जतला बोरघाट चढण्यासाठी गाडीमागे जादा इंजिने जोडावी लागतात, म्हणून घाट चढणाऱ्या बहुतेक गाड्या तिथे थांबतात, आणि त्या थांब्यावर बटाटेवड्याचा व्यापार वाढून दिवाडकरांचे नाव सर्वदूर झाले. इगतपुरीला अनेक दशके विजेच्या प्रवाहाचा प्रकार बदलत असल्यामुळे इंजिन बदलावे लागे, आणि तो वेळ चहा-नाश्त्याच्या विक्रेत्यांचा असे. अशा ठिकाणी खिडकीतून होणाऱ्या व्यवहाराची रीत पक्की होती: वडापाव आधी आत यायचा की नोट आधी बाहेर जायची हा प्रश्न गाडी हलेपर्यंत गौण असे, हलल्यावर मात्र तोच एकमेव प्रश्न उरे. म्हणून विक्रेते किमती शक्यतो नाण्यांच्या पटीत ठेवत, आणि सुट्टे पैसे काढून ठेवणे हे प्रवाशाच्या अंगवळणी पडे. गाडीबरोबर धावत उरलेले पैसे खिडकीत टाकणारा फेरीवाला कायद्याच्या दृष्टीने अनेकदा विनापरवाना असे, आणि १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४४व्या कलमाखाली तो आजही शिक्षेस पात्र आहे. तरी त्याचा सचोटीचा व्यवहार प्रवाशांच्या भरवशाचा मोठा आधार होता हे इतिहासकाराने नोंदवले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर धर्मनिहाय उपाहारगृहांची जागा शाकाहारी आणि मांसाहारी या विभागणीने घेतली. रेल्वे उपमंत्री अळगेशन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर, १९५० च्या दशकाच्या मध्यास, रेल्वेने काही ठिकाणी ठेकेदारांना दूर करून विभागीय खानपान, म्हणजे स्वतःच्या नोकरांकरवी स्वयंपाक व विक्री, हाती घेतली. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तेव्हा एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत असले तरी रूपांतराच्या कोष्टकात ते सहाच धरले गेले. पुढे स्वस्त जेवणासाठी जनता खाना आला. सात पुऱ्या, सुकी बटाट्याची भाजी आणि लोणचे असे त्याचे स्वरूप असून पदार्थांचे वजन ग्रॅममध्ये ठरवून दिलेले आहे. तिसऱ्या वर्गाच्या तराजूवरचा वाद निदान कागदावर तरी त्यामुळे मिटला. डबे आतून जोडले गेल्यावर पँट्री कार, म्हणजे गाडीतले स्वयंपाकघर, सगळ्या प्रवाशांपर्यंत पोहोचू शकली. वेटर डबा आणि बर्थ क्रमांक चिठ्ठीवर टिपून घेई, जेवण आणून देई आणि पैसे नंतर मागायला येई. पूर्वी पहिल्या वर्गापुरती असलेली उधारी अशा रीतीने शयनयानातही आली, पण चिठ्ठी वेटरच्या खिशात राही आणि प्रवाशाच्या हाती काहीच येत नसे.

१ मार्च १९६९ रोजी सुरू झालेल्या दिल्ली-हावडा राजधानी एक्स्प्रेसने हा प्रश्न वेगळ्याच प्रकारे सोडवला. जेवणाची किंमत भाड्यातच धरल्यामुळे गाडीत पैशांची देवघेव उरली नाही. हीच रीत १९७२ मध्ये मुंबई राजधानीने आणि १९८८ पासून शताब्दी गाड्यांनी चालवली. भूक असो वा नसो, पैसे आधीच गेलेले असत, ही तक्रार वाढत गेल्यावर २०१६-१७ च्या सुमारास जेवण नाकारण्याचा पर्याय देण्यात आला. त्या पर्यायातूनच २०२२ चा वाद उद्भवला. आगाऊ नोंदणी न केलेल्या प्रवाशाकडून गाडीत पन्नास रुपये जादा आकारण्याचा नियम असल्याने शताब्दीतील वीस रुपयांचा चहा सत्तर रुपयांना पडल्याचे बिल देशभर गाजले, आणि जुलै २०२२ मध्ये रेल्वे मंडळाने चहा-कॉफीवरील हा आकार काढला. नाश्ता आणि जेवणावरील पन्नास रुपये मात्र किमतीत मिळवून कायम ठेवले. नोंदणी करून १०५ रुपयांना मिळणारा नाश्ता आयत्या वेळी १५५ रुपयांना पडू लागला. इथे लक्षात घेण्यासारखे हे, की वादाला तोंड फुटले ते बिल हातात होते म्हणूनच.

पाण्याची कथा याच काळात उलट दिशेने गेली. जी एकच वस्तू रेल्वे कंपन्यांच्या काळातही फुकट होती, तिची बाटली विकत घेणे प्रवाशाच्या सवयीचे झाले. २००३ पासून रेल्वेनेच रेल नीर बाजारात आणले, अंबरनाथला त्याचा कारखाना निघाला, आणि लिटरला पंधरा रुपये असलेला त्याचा दर सप्टेंबर २०२५ मध्ये चौदा रुपये झाला. वीसच्या नोटेतले उरलेले पैसे परत न करण्याची फलाटावरील सवय मात्र जुनीच आहे.

खानपानाची व्यवस्था १९९९ मध्ये स्थापन झालेल्या आयआरसीटीसी या महामंडळाकडे २००५ च्या धोरणाने गेली, २०१० मध्ये विभागीय रेल्वेंकडे परतली आणि २०१७ मध्ये पुन्हा महामंडळाकडे आली. त्याच वर्षी नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी ७४ स्थानके आणि ८० गाड्यांच्या पाहणीवर आधारलेला अहवाल संसदेला सादर केला, आणि त्यात अस्वच्छतेबरोबरच फिरत्या विक्रेत्यांकडून बिले न मिळणे व वेटरजवळ दरपत्रक नसणे हे दोष स्पष्ट नोंदवले. यानंतरच बिल न दिल्यास पैसे देऊ नयेत असे फलक डब्यांत लागले आणि वेटरांच्या हाती बिल काढणारी यंत्रे देण्यात आली. रेल्वे सुरू होऊन तोवर दीड शतकाहून अधिक काळ उलटला होता. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदीत गाडीतील खानपानासाठी जुन्या नोटा काही आठवडे चालू ठेवल्या गेल्या, यावरून प्रवाशाची अडचण शासनाला ठाऊक होती हे दिसते. आता क्यूआर कोडमुळे सुट्ट्या पैशांचा प्रश्न बराच सुटला आहे, जरी कोकण रेल्वेच्या करबुडेसारख्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात नेटवर्क गेले की वेटर आणि प्रवासी दोघेही खोळंबतात. परंतु फोनवर येणारा संदेश रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव एवढेच सांगतो. पदार्थ कोणता होता, किती ग्रॅमचा होता आणि त्याचा ठरलेला दर काय होता हे त्यात नसते, त्यामुळे छापील बिल मागण्याची गरज अजून संपलेली नाही.