लाकडाचा साधक

पाँडिचेरीतल्या अरविंद आश्रमाचं ‘गोलकोंड’ हे निवासस्थान उभारायला १९३७ साली एक जपानी-अमेरिकन वास्तुविशारद आला. जॉर्ज नाकाशिमा. काम बघता बघता तो स्वतःच साधक झाला, ‘सुंदरानंद’ हे नावही त्याला तिथलंच. श्रमाला साधना मानणं तो या आश्रमात शिकला.

हात घडले मात्र छावणीत. १९४२ साली, महायुद्धाच्या काळात, जपानी वंशाचा म्हणून अमेरिकेने त्याला सहकुटुंब आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत डांबलं. तिथे गेंतारो हिकोगावा या कसलेल्या जपानी सुताराच्या हाताखाली मिळेल त्या लाकडावर त्याने हत्यारं चालवायचा सराव केला. अन्यायाच्या त्या कुंपणाआड एवढी विद्या मिळावी, याचं नवल वाटतं.

सुटकेनंतर पेनसिल्व्हेनियातल्या न्यू होपला त्याने कार्यशाळा थाटली. अक्रोडाच्या रुंद फळीला तडा असला, तर इतर कुणी तो भाग कापून टाकला असता. नाकाशिमा तडा ठेवायचा. तो पुढे वाढू नये म्हणून तड्यावर आडवी, फुलपाखराच्या आकाराची लाकडी पट्टी चपखल बसवायचा. पटाशीने खाच कोरताना घाई केली की सांध्यात फट राहते.

१९६४ साली त्याने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी फर्निचर रचलं. १९९० साली तो वारला. कार्यशाळेची धुरा मुलगी मिराने उचलली.