खोताची वाडी : नाव आणि घरे

गिरगावातील खोताच्या वाडीतील जुनी घरे पाडून तेथे उंच इमारती उभारण्यास रहिवाशांनी अनेक वर्षे विरोध केला आहे. या विरोधाचे स्वरूप ध्यानी येण्यासाठी वाडीच्या नावापासून आरंभ करणे इष्ट होय.

'खोत' हा कोकणच्या महसूलपद्धतीतील शब्द. गावाचा वसूल सरकारात भरणारा, कुळे व सरकार यांच्यामधला अधिकारी. 'वाडी' म्हणजे मूळची कुंपणातली बागाईत, मागाहून तीवरील वस्ती. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाने येथील जमिनीचे तुकडे स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांना विकले, असे परंपरा सांगते. ही मंडळी घरी मराठीचीच एक बोली बोलत. पुढे १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगी, गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासूनचे आपले वेगळेपण दाखविण्यासाठी या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे इंग्रजी नाव धारण केले. वाडीला मात्र विकणाऱ्याचेच नाव राहिले, हे लक्षणीय आहे.

घरे लाकडी, कौलारू, बहुधा दुमजली; पुढे ओसरी, आणि माडीवर जाणारा जिना बाहेरून. हा बाहेरचा जिना व ती ओसरी गल्लीतच उघडतात. किंबहुना गल्ली हीच या सर्व घरांचे सामाईक अंगण होय. एक घर पाडून तेथे मनोरा उठला की शेजारच्या चार घरांचा उजेड व वारा जातो, आणि दोन माणसे जेमतेम जातील अशा बोळात मोटारी शिरू पाहतात. म्हणून एका मालकाच्या विक्रीस सबंध वाडी हरकत घेते. मालकी व्यक्तीची, परंतु हानी समूहाची, असा हा पेच आहे.

१९९५ च्या वारसा-नियमावलीत वाडीची गणना वारसा-परिसरांत झाली. पण १९९९ च्या दुरुस्तीने अशा परिसरांतील उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासापुरती वारसा समितीच्या परवानगीची अट शिथिल केली, आणि कवचाला मोठे भगदाड पडले.

विरोध करणारे सारे सज्जन व विकणारे सारे लोभी, असे मानणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. त्या उत्पन्नात सागवानी तुळयांची डागडुजी होणे शक्यच नव्हते. वारसांची संख्या वाढली, पुष्कळजण परदेशी गेले. गळके छप्पर सांभाळणाऱ्या वृद्धेला वारशाचे महत्त्व सांगणे सोपे, कौलांचा खर्च देणे अवघड. आणि नियमावलीने तिला बंधन घातले, त्या प्रमाणात साहाय्य दिले नाही.

एकेकाळी सुमारे ६५ असलेल्या या घरांपैकी आज निम्म्याहून कमी उरली आहेत. अनंताश्रम ही प्रसिद्ध खानावळही बंद झाली. उरलेल्या घरांच्या दारांवर पोर्तुगीज आडनावे आहेत, आणि गल्लीच्या तोंडाशी खोताचे नाव.