तळटीप : कार्टर फॅमिली

कार्टर फॅमिली – व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातले ए. पी. कार्टर, पत्नी सारा आणि भावजय मेबेल यांचे त्रिकूट. ऑगस्ट १९२७मध्ये ब्रिस्टल येथे व्हिक्टर कंपनीसाठी त्यांची पहिली ध्वनिमुद्रणे झाली. ए. पी. गावोगाव हिंडून गाण्यांचे शब्द टिपत. चाली मात्र सोबतचा कृष्णवर्णीय गिटारवादक लेस्ली रिडल ध्यानात ठेवी. कंट्री संगीत म्हणजे निव्वळ गोऱ्यांचा ठेवा असे मानणाऱ्यांना हे नाव सहसा ठाऊक नसते. ए. पी. यांची कन्या जॅनेट हिने १९७४मध्ये वडिलांच्या जुन्या दुकानात शनिवारच्या मैफली सुरू केल्या. व्हर्जिनियातल्या हिल्टन्सला त्या अजून रंगतात, म्हातारेकोतारेही टाचा वाजवत नाचतात. विजेवरची वाद्ये तिथे वर्ज्य. सवलत मिळाली ती मेबेलचे जावई जॉनी कॅश यांना. – संपा.