साठीतला फुटबॉल आणि शिट्टीचा इतिहास

आजचा विषय जरा वेगळा आहे. तुम्ही कोलकात्यात असा, गोव्यात असा, बेंगळुरूत असा किंवा एखाद्या छावणीजवळ राहत असा, रविवारी सकाळी पन्नाशी-साठी ओलांडलेली मंडळी फुटबॉल खेळताना तुम्ही पाहिली असतील. गुडघ्याला पट्टा, पोट थोडं पुढे, पण आवेश विशीतला! त्यांच्यामध्ये शिट्टी घेऊन एक जण फिरत असतो. फौजेतून निवृत्त झाल्यावर मीही असे सामने चालवतो. या माणसाचं नेमकं काम काय, हे समजायचं असेल तर थोडं मागे जावं लागेल.

1863 साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि खेळाचे नियम लिहिले गेले. त्या नियमांत रेफरीचा उल्लेखच नाही. सभ्य माणूस मुद्दाम फाउल करणार नाही, आणि वाद झालाच तर दोन्ही कर्णधार आपसात मिटवतील, अशी समजूत होती. पुढे प्रत्येक संघ आपापला अंपायर आणू लागला. क्रिकेटसारखं अपील केलं तरच तो निर्णय देई. दोन अंपायरांचं जमलं नाही, तर प्रकरण मैदानाबाहेरच्या तिसऱ्या माणसाकडे जाई. तो रेफरी, म्हणजे ज्याच्याकडे वाद सोपवायचा तो.

1888 मध्ये इंग्लंडात लीग सुरू झाली. पैसा आला, चुरस वाढली, आणि सभ्यपणावर खेळ चालेना. म्हणून 1891 मध्ये रेफरीला मैदानाच्या आत आणलं गेलं आणि अंपायर लाइन्समन होऊन कडेला गेले. पेनल्टी किकही त्याच वर्षीची. ती सुचवली होती विल्यम मॅक्रम नावाच्या आयरिश गोलकीपरने.

आपल्याकडची सालंही पाहा. ड्युरंड कप सिमल्यात सुरू झाला 1888 मध्ये, मुंबईचा रोव्हर्स कप 1891 मध्ये. सुरुवातीला या स्पर्धा गोऱ्या पलटणींच्याच होत्या. 1940 मध्ये दिल्लीत मोहमेडन स्पोर्टिंगने रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटला 2-1 असं हरवून ड्युरंड जिंकला. ड्युरंड जिंकणारा हा पहिला भारतीय संघ. त्या अंतिम सामन्याचे रेफरी होते कॅप्टन हरनाम सिंग. समोर ब्रिटिश पलटण खेळत असताना एका भारतीय अधिकाऱ्याची शिट्टी शेवटचा शब्द ठरली, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती.

आणखी एक फौजी माणूस म्हणजे केन ॲस्टन. पेशाने शिक्षक. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश इंडियन आर्मीत होते आणि लेफ्टनंट कर्नल होऊन बाहेर पडले. 1962 च्या विश्वचषकातला चिली-इटली सामना त्यांनीच चालवला. तो सामना हाणामारीसाठी कुप्रसिद्ध आहे. 1966 मध्ये इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात रेफरी जर्मन होता आणि खेळाडू स्पॅनिश बोलणारे. कुणाला ताकीद मिळाली, कुणाला बाहेर काढलं, याचा गोंधळ उडाला. ॲस्टनना लंडनच्या सिग्नलवर त्याचं उत्तर सुचलं: पिवळा आणि लाल. 1970 च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डं आली. मल्याळी, मणिपुरी, बंगाली आणि मराठी एकाच मैदानावर खेळत असतील, तर या कार्डाचं मोल आपल्याइतकं कुणाला कळणार!

आता आपल्या ज्येष्ठांकडे येऊ. नियमांच्या पुस्तकात पस्तिशीपुढच्या खेळाडूंना ‘व्हेटरन’ म्हणून वेगळी सवलत दिली गेली. सामन्याची वेळ कमी करता येते, मैदान लहान करता येतं, बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो. 2017 पासून पिवळ्या कार्डासोबत खेळाडूला काही मिनिटं बाहेर बसवण्याचीही मुभा आहे. डोकं तापलेल्या साठीतल्या गृहस्थाला दहा मिनिटं सावली आणि पाणी मिळालं, की बहुतेक भांडण तिथेच संपतं. 2011 मध्ये इंग्लंडच्या चेस्टरफील्डमध्ये तर पन्नाशीपुढच्यांसाठी चालण्याचा फुटबॉल सुरू झाला. तिथे धावणं हाच फाउल!

या सगळ्या सवलतींमागे एकच कारण आहे, आणि माझ्या मते ज्येष्ठांच्या रेफरीचं खरं काम तेच आहे. नियम सांगतो की दुखापत किरकोळ असेल तर चेंडू बाहेर जाईपर्यंत खेळ चालू ठेवा. गंभीर असेल तर लगेच थांबवा. गंभीर की किरकोळ, हे ठरवायचं रेफरीने. 12 जून 2021 रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन चालू सामन्यात कोसळला. कुणाचा धक्का नाही, फाउल नाही. रेफरी अँथनी टेलर यांनी क्षणात खेळ थांबवून डॉक्टरांना आत बोलावलं. हृदय बंद पडलेला एरिक्सन वाचला. त्याचं वय होतं 29, आणि डॉक्टर कडेलाच उभे होते.

आपल्या रविवारच्या सामन्यात डॉक्टर असतोच असं नाही. म्हणून मी आधी दोन्ही कर्णधारांना विचारतो: कुणाला हृदयाचा त्रास आहे? जवळचं हॉस्पिटल कुठे? गाडी कुणाची, चावी कुणाकडे? पाण्यासाठी खेळ थांबवतो. मागून टॅकल दिसला की ताबडतोब शिट्टी, कारण साठीतलं हाड लवकर जुळत नाही. ऑफसाइड थोडा इकडेतिकडे झाला तर ही मंडळी चहाच्या वेळी हसून सोडून देतात. पण छातीवर हात ठेवून खाली बसलेला माणूस माझ्या नजरेतून सुटला, तर त्याला अपील नाही.

तुमच्या शहरात असा सामना होत असेल, तर संघाला दोन गोष्टी जरूर सांगा. मित्रातलाच असला तरी एक रेफरी नेमा, आणि छाती दाबून श्वास परत आणण्याचं प्रशिक्षण निदान दोघांनी घ्या. खेळ उतारवयातही सुटू नये, एवढ्यासाठीच ही शिट्टी आहे.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.