परीटघडी

संसारातल्या एखाद्या कामाला जो माणूस 'सोपे' म्हणतो, त्याने ते काम कधी केलेले नसते, असा माझा सिद्धांत आहे. तो मला फार उशिरा, म्हणजे लग्नाला बेचाळीस वर्षे झाल्यावर सुचला. गेल्या पावसाळ्यात आमची ही अंगणात घसरली, उजवे मनगट मोडले आणि सहा आठवड्यांचे प्लास्टर बसले.

"आता धुण्याचं काय?" तिने दवाखान्यातच विचारले.

"हात्तिच्या! त्यात काय आहे? मी बघतो की!" मी म्हणालो. डॉक्टरांनी चमकून माझ्याकडे पाहिले. त्यांचेही लग्न झालेले असावे.

मी जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, विषय इतिहास. त्यामुळे धुण्याला हात घालण्यापूर्वी मी त्याची पूर्वपीठिका तपासली. तोवर कपडे दोन दिवस बादलीत भिजत राहिले, ही गोष्ट निराळी.

आपल्या गावगाड्यात परीट हा बलुतेदार. तो गावाचे कपडे धुवी आणि सुगीला शेतकऱ्याकडून धान्य नेई. शहरात बलुते गेले आणि वही आली. माझ्या लहानपणी आमच्याकडे अशी धोब्याची वही होती. धोतरे चार, सदरे सहा, चादरी तीन. वहीतला आकडा आणि परत आलेल्या गाठोड्यातला आकडा यांची गाठ पडल्याचे मला आठवत नाही. वडील परीटघडीचे धोतर नेसून कचेरीत जात. रोजचे धुणे मात्र आई मोरीत बसून धोपटी. इतिहासाच्या पुस्तकात मोरीला जागा नसते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

पुढे 1959 साली आपल्याकडे सर्फ आली. 1969 साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी घरी पावडर बनवून सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली, तीच निरमा. आता बायकांचे कष्ट संपले, असे सगळे पुरुष म्हणाले. झाले भलतेच. पावडर स्वस्त झाली तशा आमच्या चादरी नि पडदे धोब्याकडे जायचे बंद झाले. दोन दिवस चालणारा सदरा एका दिवसात मळका ठरू लागला. नंतर यंत्र आले, तेव्हा पायपुसणीसुद्धा धुण्याच्या लायकीची झाली. काम सोपे झाले, पण कमी झाले नाही. परटाच्या पाठीवरचे गाठोडे तेवढे हिच्या डोक्यावर आले. आणि मी इतकी वर्षे त्याला प्रगती म्हणून शिकवत होतो!

धुणे खरोखर सोपे करायला निघालेला एक पुरुष मात्र मला सापडला. बॅरिस्टर गांधी. दक्षिण आफ्रिकेत धोब्याचे बिल फार येई आणि कपडे वेळेवर येत नसत. दोन-तीन डझन सदरे नि कॉलरीही पुरेनात. तेव्हा या गृहस्थांनी धुण्यावरचे पुस्तक आणले, वाचले आणि कस्तुरबांनाही ती विद्या शिकवली. ('सत्याचे प्रयोग'मध्ये त्यांनी हे स्वतःच लिहिले आहे. कस्तुरबांनी लिहिले असते, तर कोणी कोणाला शिकवले ते कळले असते.) पहिल्याच कॉलरीला खळ जास्त झाली, इस्त्री पुरती तापली नव्हती, आणि जळेल या भीतीने त्यांनी ती दाबलीही नाही. कोर्टात कॉलरीतून खळ गळू लागली. बाकीचे बॅरिस्टर हसले. पण कॉलर धुवायला जवळजवळ कॉलरीइतकेच पैसे पडतात, हा मुद्दा गांधींनी सोडला नाही. हळूहळू त्यांना ते काम उत्तम जमू लागले.

1912 साली गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले. त्यांच्याजवळ न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले उपरणे होते. ते खास प्रसंगीच बाहेर निघे. जोहान्सबर्गला त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती आणि उपरणे चुरगळलेले! गांधी म्हणाले, मी इस्त्री करतो. वकील म्हणून तुमच्यावर विश्वास आहे, धोबी म्हणून नाही, अशा अर्थाचे गोखले बोलले. अखेर हो-ना करता परवानगी मिळाली, इस्त्री झाली आणि गोखल्यांची पसंतीही मिळाली.

ही गोष्ट मी हिला मोठ्या उत्साहाने सांगितली, कारण तिच्या भाचीचे लग्न जवळ आले होते आणि तिला तिच्या आईची इरकली नेसायची होती. आई जाऊन अकरा वर्षे झाली. ती साडी ही स्वतःच धुते, स्वतःच इस्त्री करते आणि कपाटात तिच्या शेजारी दुसरी साडी ठेवत नाही.

"द्या इकडे. मी करतो इस्त्री," मी म्हणालो.

"गांधींनी आधी स्वतःच्या कॉलरी बिघडवल्या होत्या," ती म्हणाली. "तुम्ही एकदम रानड्यांच्या उपरण्यापासून सुरुवात करताय."

इतिहासाचा इतका नेमका उपयोग माझ्या एकाही विद्यार्थ्याने केला नव्हता. मग पंधरा दिवस मी उशांच्या अभ्य्रांवर हात बसवला. दोन अभ्रे त्या कार्यात कामी आले. शेवटी एका संध्याकाळी तिने डाव्या हाताने ती साडी माझ्यापुढे ठेवली आणि इस्त्री होईपर्यंत शेजारी उभी राहिली. एक शब्द बोलली नाही.

लग्नाला निघताना तिने पदरावरून डावा हात फिरवला, आरशात पाहिले आणि म्हणाली,

"उद्या पडदे काढून ठेवा. धुवायला झालेत."

प्लास्टर कधीच निघाले. पडदे अजून मीच धुतो.