तंत्रज्ञान आणि बालविकास : पीएच.डी.साठी गाईड कसा शोधावा

गोंदिया जिल्ह्यातील एखादी मुलगी समाजशास्त्र, समाजकार्य किंवा गृहविज्ञानात एम.ए. करते, नेट काढते आणि 'मोबाइल आणि लहान मुले' या विषयावर पीएच.डी. करायची म्हणते. तिची पहिली अडचण गाईडची असते. हा विषय कोणत्याच एका विभागात पूर्ण बसत नाही. गृहविज्ञानात अ‍ॅपचे जाणकार कमी आणि संगणकशास्त्रात मुलांचे. मग मिळेल तो गाईड आणि तो देईल तो विषय, अशी तडजोड होते. घरातून पहिल्यांदाच कोणी इथवर पोहोचलेले असते, विचारायला माणूस नसतो, म्हणून आपल्या वस्त्यांतील मुलामुलींकडून ती जास्त होते.

म्हणून आधी प्रश्न पक्का करावा. आपल्या जिल्ह्यात प्रश्नांची कमी नाही. २०२१ मध्ये अंगणवाड्यांत पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप आले. त्याच वर्षी राज्यभरातील सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन निकामी आणि अ‍ॅप इंग्रजीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. वजन-उंचीची नोंद फोनमध्ये गेल्यावर सेविकेचा मुलांसोबतचा वेळ वाढला की घटला, हा अभ्यासाचा प्रश्न आहे. सालेकसा, देवरीकडे काही घरांत गोंडी बोलतात, इतरत्र पोवारी, झाडीबोली. मोबाइलवरचे कार्टून मात्र हिंदीत. अशा मुलाची भाषा कशी घडते? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालील मुलांना स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, असे सांगितले. धानाच्या रोवणीला आईवडील शेतात असताना मूल कोणाकडे आणि फोन कोणाकडे, हे पाहिल्याशिवाय त्या एका तासाला अर्थ नाही. असा प्रश्न मुंबई-पुण्याच्या उमेदवाराकडे सहसा नसतो. ही आपली जमेची बाजू आहे, ती पत्रात दिसली पाहिजे.

शोध जवळून सुरू करावा. आपली महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न. तिथे गृहविज्ञान, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र तिन्ही पाहावेत. परभणीच्या कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, त्यात मानव विकास हा विषय आहे. मुंबईत एसएनडीटी आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तंत्रज्ञानाच्या बाजूने आयआयटी मुंबईतील शैक्षणिक तंत्रज्ञान विभाग, ग्रामीण तंत्रज्ञानाचे 'सितारा' केंद्र, आणि मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातही मानव विकासाचा विभाग आहे. मुंबई फार लांब वाटते खरी, पण विदर्भ एक्सप्रेस गोंदियातूनच सुटते.

नावापेक्षा काम पाहावे. 'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरातील प्रबंध मोफत वाचता येतात आणि प्रत्येक प्रबंधावर गाईडचे नाव असते. 'अंगणवाडी', 'पूर्वप्राथमिक', 'मोबाइल' असे शब्द मराठी, हिंदी, इंग्रजीत टाकून पाहावे. 'विद्वान' या सरकारी सूचीत प्राध्यापकांचे विषय आणि लेख सापडतात. एकाच गाईडचे दोन-तीन प्रबंध चाळले की कळते, तो विद्यार्थ्याला स्वतःचा प्रश्न मांडू देतो की सगळ्यांकडून एकच प्रश्नावली भरून घेतो.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पीएच.डी. विद्यार्थीच असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेल्या प्राध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून 'जागा आहे का' हे पहिल्याच पत्रात विचारावे, त्यात लाज नाही. आपल्यासाठी सर्वात कामाचा नियम सहमार्गदर्शकाचा : मंजुरी घेऊन तो दुसऱ्या विभागातील, दुसऱ्या संस्थेतीलही चालतो. मुख्य गाईड नागपूरचा बालविकासाचा आणि सहगाईड तंत्रज्ञानाचा, ही जोडी या विषयाला योग्य.

पत्र एका पानाचे असावे. आपला प्रश्न, तो कोणत्या तालुक्यातून आला, त्यांचा कोणता लेख वाचला आणि त्यातले काय पटले किंवा पटले नाही, एवढे पुरे. 'आदरणीय सर, मला आपल्या मार्गदर्शनाखाली काम करायचे आहे' एवढ्यावर संपणारी पत्रे त्यांच्याकडे ढिगाने पडलेली असतात. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियात गेले, तिथे प्रा. एडविन सेलिग्मन त्यांचे मार्गदर्शक होते. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा तो ग्रंथ १९२५ मध्ये छापला गेला तेव्हा प्रस्तावना सेलिग्मन यांनीच लिहिली. बारा वर्षांनंतरही टिकलेल्या त्या नात्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. पदव्या तेवढ्या मोजतो.

पैशाचा विचार गाईडसोबतच करावा. बार्टीची संशोधन अधिछात्रवृत्ती आणि केंद्राची अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती, दोन्हींच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती १९९० पासून आहेत, पण केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र वेगळे लागते. ते आधीच काढून ठेवावे. बार्टीच्या विद्यार्थ्यांना हक्काच्या पैशासाठी आझाद मैदानावर बसावे लागले आहे, तेव्हा पहिल्या वर्षाचा खर्च गृहीत धरूनच निघावे.

होकार आला तरी नोंदणीआधी त्या गाईडच्या सध्याच्या दोन विद्यार्थ्यांशी बोलावे, शक्यतो एका मुलीशी. प्रकरण वाचून परत द्यायला किती दिवस लागतात, सही कधी अडते, घरची कामे सांगतात का, हे सरळ विचारावे. उत्तर द्यायला कोणी कचरले, तर आणखी एकाला फोन करावा.